'पाणी शंभर टक्के शुद्ध आहे' म्हणतात, पण रिपोर्ट दाखवत नाहीत

पत्र :

नमस्कार ताई,

आमची ६४ फ्लॅटची सोसायटी शहराच्या हद्दीत नव्याने आलेल्या भागात आहे आणि यंदा मी सेक्रेटरी आहे. पावसाळ्यात आमच्याकडे तीन घरांत टायफॉइड निघाला. तेव्हापासून पाण्यावरून रोज वाद चालू आहेत. निम्म्या घरांत वीस लिटरचे जार येतात, काहींनी आरओ बसवलाय. एका कंपनीच्या माणसाने आमच्या नळाच्या पाण्यात दोन सळ्या बुडवून वीज सोडली, तर पाणी डोळ्यांदेखत तपकिरी झालं. सगळ्या घाबरल्या. पाणीपुरवठा कार्यालयात गेले तर म्हणाले, 'मॅडम, पाणी शंभर टक्के शुद्ध आहे, आम्ही रोज तपासतो.' रिपोर्ट मागितला तर म्हणाले, 'तो असा देता येत नाही.' माझी मुलगी न्यू जर्सीत असते. तिला दरवर्षी पाण्याचा रिपोर्ट येतो. आपल्याकडे का येत नाही? परवा आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींनी विचारलं, 'ताई, तुम्ही जारचं पिता, मग मी नळाचं पिते ते चालतं का?' मला उत्तर देता आलं नाही. आम्ही विश्वास कोणावर ठेवायचा?

– एक सेक्रेटरी


उत्तर :

ताई, मावशींच्या प्रश्नाचं उत्तर आजच द्यायला हवं, म्हणून आधी ते. घरात सगळ्यांनी एकच पाणी प्या. नळाचं पाणी गाळून पातेल्यात ठेवा, खळखळून उकळी आली की आणखी मिनिटभर तसंच उकळू द्या, झाकून गार करा आणि तेच तुम्ही, मुलांनी आणि मावशींनी प्या. टायफॉइड, कावीळ, गॅस्ट्रो यांच्या जंतूंना एवढी उकळी पुरते. मावशींना त्यांच्या घरी न्यायलाही एक बाटली भरून द्या, कारण त्यांच्या वस्तीत पाणी कुठून येतं हे तुम्हाला माहीत नाही.

आणि जार सुरक्षित आहे असं गृहीत धरू नका. सीलबंद बाटलीला अन्नसुरक्षा खात्याचा परवाना लागतो. थंड पाण्याचा जार मात्र 'सुटं पाणी' म्हणून विकला जातो आणि बरेच विक्रेते त्या नावाखाली परवान्यातून निसटतात. तो जार कुठल्या बोअरवेलवर भरला आणि आधीच्या घरातून आल्यावर कशाने धुतला, हे सोसायटीत कोणाला सांगता येतं का, विचारून बघा. ज्या पाण्याबद्दल काहीच माहिती नाही त्यावर निम्मी सोसायटी निर्धास्त आहे आणि ज्याची माहिती कायद्याने मागता येते त्याची भीती वाटतेय. हे उलटं झालंय.

आता सळ्यांचा प्रयोग. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण तुमच्याकडची निम्मी घबराट तिथून आली आहे. त्या उपकरणातली एक सळी लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचाच तपकिरी साका तयार होतो. तुम्हाला दिसलेली घाण त्या सळीची होती. शेजारच्या ग्लासात तो माणूस आरओचं पाणी ठेवतो. त्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे वीज नीट वाहत नाही आणि पाणी नितळ राहतं. पुढच्या वेळी त्याला त्या नितळ ग्लासात चिमूटभर मीठ टाकून प्रयोग पुन्हा करायला सांगा. तेही पाणी तपकिरी होईल. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर करायला लावा.

तसंच ते टीडीएसचं पेन. पाण्यात विरघळलेले क्षार किती, याचा अंदाज ते देतं. जंतूंबद्दल ते एक अक्षर सांगत नाही. ड्रेनेजचं थोडं पाणी तुमच्या लाइनीत शिरलं तर पेनावरचा आकडा जेमतेम हलेल आणि घरोघरी जुलाब सुरू होतील. धरणाचं पाणी मुळात मऊ असेल, टीडीएस ५०० च्या आत असेल, तर क्षार काढायला आरओची गरज नाही. तो पिण्यापुरतं पाणी देताना त्याहून जास्त पाणी मोरीत सोडतो. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर गोष्ट वेगळी, पण ते आधी तपासून ठरवायचं.

कार्यालयात मिळालेल्या उत्तराकडे येते. तो माणूस खोटं बोलला असं मी म्हणणार नाही. जलशुद्धीकरण केंद्रात पाणी खरंच रोज तपासलं जातं आणि तिथून बाहेर पडताना ते बहुतेक वेळा चांगलंच असतं. प्रश्न पुढच्या वाटेचा आहे. आपल्याकडे बहुतेक शहरांत पाणी ठरावीक तास येतं, बाकी वेळ पाइप रिकामा असतो. रिकाम्या पाइपातला दाब गेला की फुटक्या सांध्यातून आजूबाजूच्या गटाराचं, साचलेल्या पाण्याचं आत येणं सुरू होतं आणि पाणी सुटल्यावर पहिल्या काही मिनिटांत तेच तुमच्या नळाला येतं. हुबळी-धारवाडमध्ये संशोधकांनी एकाच शहरातले दोन प्रकारचे भाग तपासले होते. चोवीस तास पाणी असलेल्या भागातल्या नळांत ई-कोलाय, म्हणजे पाण्यात विष्ठा मिसळल्याची खूण सांगणारा जंतू, क्वचितच सापडला. ठरावीक वेळी पाणी येणाऱ्या भागात मात्र नळाच्या जवळजवळ एक तृतीयांश नमुन्यांत तो निघाला. त्यामुळे केंद्रावरचा अहवाल खरा असूनही तुमच्या ग्लासातलं पाणी वाईट असू शकतं. 'शुद्ध आहे' या उत्तरावर पुढचा प्रश्न विचारायचा : कुठे शुद्ध आहे, कोणत्या तारखेला, आणि आकडा काय?

आकडे फार नाहीत, तीन लक्षात ठेवा. पिण्याच्या पाण्याचं आपलं भारतीय मानक आहे आयएस १०५००, सध्या चालू आहे ती २०१२ ची आवृत्ती. त्यानुसार १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय अजिबात सापडता कामा नये, यात सवलत नाही. गढूळपणा १ एनटीयूपर्यंत (एनटीयू हे गढूळपणाचं माप) असावा, दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालवून घेतात. आणि शिल्लक क्लोरीन लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असावा.

यातला शिल्लक क्लोरीन तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा. क्लोरीन वाटेत घाणीशी झगडताना खर्च होतो. तुमच्या नळापर्यंत तो थोडा उरला असेल तर वाटेत फारशी घाण भेटली नाही आणि पुढच्या घाणीशी लढायला काही शिल्लक आहे, असा त्याचा अर्थ. नळाला शून्य आला तर एक तर तो मुळात टाकला नाही किंवा वाटेत कुठेतरी संपला. दोन्ही बाबतीत लगेच तक्रार करायची. हे मोजायला प्रयोगशाळाही लागत नाही. पालिकेचा माणूस ओटी, म्हणजे क्लोरीनची रंग-तपासणी, करायला येतो तेव्हा त्याच्याकडे छोटी काचेची नळी असते. तो त्यात नळाचं पाणी घेतो, औषधाचे थेंब टाकतो आणि पाणी पिवळं झालं की तो पिवळेपणा शेजारच्या रंगपट्टीशी ताडून आकडा लिहितो. काही ठिकाणी गोळी टाकतात, मग रंग गुलाबी येतो. पाणी तसंच पांढरं राहिलं तर क्लोरीन नाही. असा संच बाजारात मिळतो, सोसायटीला परवडतो आणि वॉचमनला शिकवता येतो. एका वहीत रोज पाणी सुटल्यावर तारीख, वेळ आणि आकडा लिहायला लावा. महिन्याभरात तुमच्याकडे अशी नोंद असेल जिच्यापुढे कार्यालयाला तोंडी उत्तर देऊन चालणार नाही.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहिते, ती कदाचित आवडणार नाही. पालिकेची जबाबदारी साधारण तुमच्या मीटरपर्यंत असते. त्यापुढची जमिनीखालची टाकी, पंप, गच्चीवरची टाकी आणि इमारतीतले पाइप सोसायटीचे. पत्रात तुम्ही टाकीचा उल्लेखच केलेला नाही. शेवटची कधी धुतली? झाकण घट्ट बसतं का? ड्रेनेजचा चेंबर टाकीपासून किती लांब आहे? पावसाळ्यात टाकीच्या काठाशी पाणी साचतं का? टायफॉइडची तिन्ही घरं एकाच विंगमधली असतील तर आधी त्या विंगच्या टाकीकडे बघा. आणि ही तिन्ही नावं पालिकेच्या आरोग्य विभागाला लेखी कळवा. पाणीपुरवठा आणि आरोग्य ही दोन वेगळी खाती आहेत. एका इमारतीत टायफॉइडचे तीन रुग्ण म्हटल्यावर आरोग्य खात्याने स्वतः नमुने घ्यायचे असतात. टायफॉइड बाहेरच्या खाण्यातूनही होतो, तोही शोध त्यांनीच घ्यायचा.

दोष नेमका कुठे आहे हे एकाच दिवशी घेतलेल्या दोन नमुन्यांवरून कळतं. पहिला मीटरजवळ, टाकीत पडण्याआधीच्या थेट लाइनचा. दुसरा सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातल्या नळाचा, फिल्टर न लावलेला. पहिला चांगला आणि दुसरा वाईट आला तर दोष तुमच्या टाकीत आहे. पहिलाच वाईट आला तर पालिकेकडे जा. नमुना बिसलरीच्या रिकाम्या बाटलीत नेऊ नका, तो फुकट जातो. प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली आणा. तिच्यात क्लोरीन मारणारं औषध आधीच घातलेलं असतं, कारण क्लोरीन तसाच राहिला तर वाटेत जंतू मरतात आणि अहवाल खोटा चांगला येतो. म्हणून ती बाटली विसळायची नाही. नळाचं तोंड पुसून ज्योतीने तापवायचं, पाणी थोडं सोडून द्यायचं, मग बाटली भरायची. बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत पोहोचवायची, चोवीस तासांपुढे तर नाहीच. पुण्यात राज्य आरोग्य प्रयोगशाळा आहे आणि जिल्ह्यांच्या ठिकाणी सरकारी प्रयोगशाळा आहेत. खासगी प्रयोगशाळेत गेलात तर एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता आहे का विचारा, आणि पाणी शुद्धीकरणाची यंत्रं विकणाऱ्यानेच देऊ केलेली मोफत तपासणी घेऊ नका.

अहवाल आला की तो जसाच्या तसा सूचना फलकावर लावा, वाईट आला तरी. इथे कमिटीत विरोध होईल. 'फ्लॅटचे भाव पडतील', 'भाडेकरू सोडून जातील', 'आपणच आपली बदनामी का करायची' असं म्हणतील. तुम्ही ठाम राहा. पालिकेने आकडे लपवले म्हणून आपण चिडलो आहोत, तर स्वतःच्या टाकीचे आकडे लपवण्याचा आपल्याला काय अधिकार? आणि व्यवहारानेही बघा. वाईट अहवाल, त्याखाली टाकी धुतल्याची तारीख आणि पंधरा दिवसांनी आलेला चांगला अहवाल, असे तीन कागद एका ओळीत लागले की चौथ्या वेळी 'पाणी ठीक आहे' या वाक्यावर लोक विश्वास ठेवतात. मावशींनाही तो फलक वाचता यावा म्हणून एका ओळीत मराठीत लिहा : 'आज नळाचं पाणी पिण्यास योग्य' किंवा 'उकळून प्यावे'.

तुमच्या मुलीला रिपोर्ट येतो तो तिथल्या कायद्यामुळे. अमेरिकेत १९९६ साली पिण्याच्या पाण्याच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि सामुदायिक पाणीपुरवठा करणाऱ्या प्रत्येक संस्थेवर दरवर्षी १ जुलैपर्यंत ग्राहकांना अहवाल देण्याचं बंधन आलं. पाणी कुठून येतं, त्यात काय सापडलं, मर्यादा किती, कोणता नियम मोडला, हे सगळं त्यात द्यावं लागतं. तरी त्या कागदाला अंतिम शब्द समजू नका. मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात २०१४ साली पाण्याचा स्रोत बदलला आणि पाइप गंजू नयेत म्हणून घालायचं औषध घातलंच नाही. लोक नळाचं लालसर पाणी बाटल्यांत भरून सभेत आणत होते आणि अधिकारी पाणी सुरक्षित असल्याचं सांगत होते. शेवटी एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरने मुलांच्या रक्तातल्या शिशाचे आकडे मांडले, तेव्हा ऐकावं लागलं. म्हणून अहवाल हवाच, पण लोकांच्या हातातला स्वतंत्र नमुनाही हवा.

आपल्याकडे आयएस १०५०० पाळणं नळपाणी देणाऱ्या पालिकांवर सक्तीचं नाही, खरी मेख इथे आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मंत्री रामविलास पासवान यांनी दिल्ली आणि राज्यांच्या राजधान्यांतल्या नळाच्या पाण्याचा तपासणी अहवाल जाहीर केला. मुंबईचे सगळे नमुने उत्तीर्ण झाले, दिल्लीचे सगळे नापास. त्यावरून राजकीय भांडण पेटलं, तरी लोकांना पहिल्यांदा आपल्या शहराचं नाव आणि निकाल एका तक्त्यात दिसला. मी हे चांगलं मानते. गावाकडची माणसं या बाबतीत तुमच्या पुढे आहेत. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना पाण्याच्या स्रोतांच्या पाहणीनंतर लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं आणि लाल कार्ड मिळालेल्या सरपंचाला गावात उत्तर द्यावं लागतं. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या नमुन्यांचे निकाल संकेतस्थळावर पाहता येतात, गावातल्या महिलांना तपासणी संच वापरायला शिकवलं जातं. शहरात हे नाही. पण शहरात होऊच शकत नाही असंही नाही. ओडिशातल्या पुरीत जुलै २०२१ पासून नळाचं पाणी थेट पिण्याची योजना सुरू झाली आणि पाण्याच्या गुणवत्तेचे आकडे चौकातल्या पडद्यांवर दिसू लागले. ते पुरीला जमलं तर आपल्या पालिकांना का जमू नये?

हे मी इतक्या कळकळीने लिहितेय त्याला पुण्याचं कारण आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलेन बारी सिंड्रोम या नसांच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक निघाले. रुग्णांच्या तपासणीत दूषित पाण्यातून-अन्नातून पसरणारे कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू आणि नोरोव्हायरस हा विषाणू सापडले, पाण्याकडे बोट गेलं. धडधाकट माणसांचे हातपाय लुळे पडले, काही जण व्हेंटिलेटरवर गेले, काही वाचले नाहीत. मग विहिरी, टँकर, खासगी आरओ प्रकल्प यांची तपासणी सुरू झाली, काही प्रकल्प बंद केले गेले आणि वर्तमानपत्रांत रोज आकडे येऊ लागले. हद्दीत नव्याने आलेल्या गावांत जुन्या विहिरी, नवे टॉवर आणि टँकर अशी पाण्याची सरमिसळ असते, आणि तुमचाही भाग तसाच आहे. तिथल्या लोकांना हेच आकडे एरवी, दर आठवड्याला, बघायला मिळत असते तर क्लोरीन नसलेलं पाणी कोणाच्या तरी नजरेला आधीच आलं असतं.

आता 'असा देता येत नाही' याचं काय करायचं ते. पाण्याच्या तपासणीचा अहवाल गोपनीय नाही. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ नुसार अशा नोंदी न मागताच जाहीर करायच्या असतात. कलम २ मधल्या व्याख्येत तर साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्कही दिलेला आहे. अर्ज साध्या कागदावर, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावून करायचा. महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, म्हणून भाषण लिहू नका. एवढं पुरे : 'आमच्या भागाला पाणी देणाऱ्या टाकीचं नाव, त्या टाकीवर आणि आमच्या भागातल्या नळांवर गेल्या सहा महिन्यांत घेतलेल्या नमुन्यांच्या तारखा, ठिकाणं, शिल्लक क्लोरीन, गढूळपणा आणि ई-कोलायचे निकाल, तसेच नापास नमुन्यांनंतर केलेली कार्यवाही, यांच्या प्रती मिळाव्यात.' तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अर्धवट आलं तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील करा. बहुतेक कागद त्या टप्प्यावर बाहेर येतात.

अर्जाच्या आधीही एक सोपी वाट आहे. राज्य सरकारच्या २०१८ च्या आदेशाने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख, म्हणजे कार्यालयातल्या नोंदी, पाहण्याची सोय केली होती; ती तुमच्या कार्यालयात अजून चालू आहे का, ते आधी विचारा. असेल तर येत्या सोमवारी दोन-तीन जणी मिळून जा आणि क्लोरीन तपासणीचं रजिस्टर बघायला मागा. आवाज चढवू नका, खालच्या माणसाचा यात दोष नसतो. आमच्या भागाचं पान दाखवा म्हणा आणि फोटो काढायची परवानगी मागा. पान बघताना एका गोष्टीकडे लक्ष द्या. खरं मोजलेला क्लोरीन रोज थोडा वरखाली होतो, कधी ०.२, कधी ०.५, एखाद्या दिवशी शून्यही. पानभर एकाच शाईत, एकाच अक्षरात ०.२, ०.२, ०.२ असंच लिहिलेलं दिसलं तर वाद घालू नका. तुमची वही उघडून त्याच तारखांचे तुमचे आकडे शेजारी ठेवा आणि पुढच्या वेळी ओटी आमच्या नळावर, आमच्यासमोर करा, असं लेखी देऊन पोच घ्या.